बुऱ्हाणपूर पायी पाहूया : चार फेऱ्या, दोन प्रश्न



सहलीचा विषय निघाला की दर वर्षी आमच्यापुढे एकच मागणी येते. "सर, या वर्षी समुद्र दाखवा." मागणी चुकीची नाही. डोईफोडियाच्या मुलाने समुद्र पाहावा असे आम्हालाही वाटते. पण मुंबई किंवा सुरतेची सहल म्हणजे दोन रात्रींचा मुक्काम, रेल्वेचे आरक्षण आणि इतकी वर्गणी की अर्धी मुले नाव देत नाहीत. ज्यांनी नाव दिले नाही ती मुले सहलीच्या दिवशी शाळेतही येत नाहीत. हे आम्ही पाहिले आहे, आणि म्हणून गेल्या वर्षीपासून आम्ही बुऱ्हाणपूरची पायी सहल सुरू केली.

त्यावर बैठकीत प्रश्न आला, "बुऱ्हाणपूर तर मुले दर महिन्याला पाहतात, तिथे सहल कशाला?" प्रश्न रास्त होता. आम्ही तो सातवीच्या वर्गात जाऊन विचारला. बुऱ्हाणपुरात काय काय पाहिले आहे? उत्तरे आली : बस स्टँड, दवाखाना, कापडाचे दुकान, मावा जलेबी. जामा मशिदीचे मिनार सगळ्यांनी पाहिले होते, पण लांबून. कुंडी भंडाऱ्याचे नाव थोड्यांनी ऐकले होते. आत उतरलेले कुणीच नव्हते.

मुलांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. रहीमचे दोहे आम्हाला तोंडपाठ होते, परीक्षेत त्यांचे भावार्थ लिहून चांगले गुणही मिळवले. पण तो रहीम, म्हणजे अब्दुर्रहीम खानखाना, वर्षानुवर्षे बुऱ्हाणपुरात सुभेदार म्हणून राहिला, त्याच्या मुलाची कबर उतावळी नदीच्या काठी आहे, आणि शहराला पाणी देणारी भुयारे त्याच्या काळात खोदली गेली, हे आम्हाला नोकरीला लागल्यावर कळले. पुस्तकातला रहीम आणि बस स्टँडचे बुऱ्हाणपूर यांची गाठ कुणी घालूनच दिली नव्हती. आमच्या विद्यार्थ्यांचे असे होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

दोन प्रश्न खिशात ठेवा

जुनी वास्तू पाहताना मुले कंटाळतात, कारण त्यांना राजांची नावे आणि सनावळ्या ऐकवल्या जातात. आम्ही यंदा मुलांना दोनच प्रश्न देणार आहोत. पहिला, इथून कोण कोण गेले? दुसरा, इथे पाणी कुठून आले? बुऱ्हाणपुरातली जवळजवळ प्रत्येक जुनी वास्तू या दोनपैकी एका प्रश्नाचे उत्तर देते.

नकाशा काढून बसा. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेकडे यायचे तर नर्मदा आणि तापी या दोन नद्या आणि मधला सातपुडा ओलांडावा लागतो. सातपुड्यात खंडवा आणि बुऱ्हाणपूर यांच्यामध्ये एक खिंड आहे. फौजा, व्यापारी, यात्रेकरू सारे याच खिंडीतून गेले, आणि आजची मुंबई-इटारसी रेल्वेही इथूनच जाते. खिंडीच्या तोंडाशी अशीरगड उभा आहे, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. दरवाजा ओलांडल्यावर पहिला मोठा मुक्काम तापीकाठी पडे. तो मुक्काम म्हणजे बुऱ्हाणपूर.

आणि समुद्राचे म्हणाल तर तोही या रस्त्यावर आहे. आपली तापी मुलताईला उगम पावते, सुमारे ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. गोदावरी-कृष्णा पूर्वेला जातात, तापी-नर्मदा पश्चिमेला. सुरत बंदरात उतरलेला माणूस आग्र्याला निघाला की अनेकदा बुऱ्हाणपुरावरून जाई. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि नोव्हेंबरात बुऱ्हाणपुरात पोहोचला. इथे शाहजादा परवेझ याच्यापुढे उभे राहून त्याने इंग्रजांना वखार घालण्याची परवानगी मागितली. बुऱ्हाणपूरचे कापड त्या काळी इराण आणि तुर्कस्तानपर्यंत जात होते. म्हणजे समुद्र आपल्यापासून लांब असला तरी समुद्रावरचा व्यापार आपल्या बाजारात येत होता.

शहराची स्थापना फारुकी घराण्यातील नासिर खानाने चौदावे शतक संपता संपता केली. खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून बुऱ्हाणपूर, आणि नदीपलीकडच्या वस्तीला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावावरून जैनाबाद. घरी आजी "बऱ्हाणपूर" म्हणत असेल तर तिला हसू नका. जुन्या मराठी कागदांत तेच रूप सापडते.

पहिली फेरी : राजघाट, शाही किल्ला, जामा मशीद

ही फेरी सकाळी लवकर सुरू करावी. आधी राजघाटावर पाण्याजवळ उभे राहावे. नदी उतरलेली असली तर पात्रातला दगडी हत्ती शोधावा. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० च्या सुमारास येथून गेला. त्याने या हत्तीबद्दल लिहून ठेवले आहे : तो इतका हुबेहूब होता की पाण्यावर आलेल्या एका खऱ्या हत्तीने त्याला टक्कर दिली आणि स्वतःचे सुळे मोडून घेतले. चारशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशाने पाहिलेली वस्तू आपण त्याच घाटावरून शोधतो आहोत, हे मुलांना आवर्जून सांगा.

घाटाच्या वर शाही किल्ला. फारुकी सुलतानांचा हा राजवाडा पुढे मोगलांकडे गेला. आज बराचसा भाग पडलेला आहे. पण हमामखाना, म्हणजे स्नानगृह, जरूर पाहा. छतावरचे रंगकाम अजून दिसते. इथेच दुसरा प्रश्न विचारा : नदी एवढी खाली आणि हमाम एवढा वर, मग पाणी कसे आले? उत्तर लगेच देऊ नका. ते दुसऱ्या फेरीत मिळेल.

या किल्ल्यात शाहजहान १६३० ते १६३२ या काळात राहिला. दक्षिणेची मोहीम इथून चालवली जात होती. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात येथे वारली. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्या वर्षी बाहेर काय चालले होते ते मात्र कुणी सांगत नाही. १६३० ते १६३२ ही गुजरात आणि दख्खनमधील भीषण दुष्काळाची वर्षे. पीटर मंडी नावाचा इंग्रज नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून निघून बुऱ्हाणपूरच्या रस्त्याने आला, आणि रस्त्याकडेला पडलेली प्रेते पाहत आला. बादशहाने बुऱ्हाणपूर, सुरत व अहमदाबाद येथे लंगर उघडले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले जात.

हाच तो दुष्काळ, ज्यात देहूला तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, असे परंपरा सांगते. आणि याच सुमारास, फेब्रुवारी १६३० मध्ये, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. घरी आपण तुकोबा आणि शिवराय ऐकतो, शाळेत ताजमहाल शिकतो. दोन्ही एकाच कोरड्या आभाळाखाली घडले हे किल्ल्याच्या भिंतीशी उभे राहिल्यावर उमगते.

किल्ल्यातून गांधी चौकात आले की जामा मशीद. फारुकी सुलतान आदिलशाह, ज्याला राजा अली खान म्हणत, त्याने ती बांधवली. दर्शनी पंधरा कमानी मोजा. आत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे. होय, मशिदीत संस्कृत लेख. त्यात फारुकी घराण्याची वंशावळ आहे, आणि बांधकामाची मिती हिजरी सनाबरोबरच विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ अशी दिली आहे. म्हणजे इ.स. १५९० चा प्रारंभ. गणपतीच्या पूजेत गुरुजी शके म्हणतात ते हेच. संस्कृत घेतलेल्या मुलांनी अक्षरे लावून पाहावीत. अकबराच्या विजयाची नोंदही पुढे याच मशिदीत कोरली गेली, कारण जानेवारी १६०१ मध्ये अशीरगड पडला आणि फारुकी राज्य संपले.

काही पालकांनी आम्हाला विचारले, मशिदी आणि कबरी मुलांना कशाला दाखवता? त्यांना आमचे उत्तर हा शिलालेख आहे. बांधणाऱ्याला आपल्या प्रजेपैकी अनेकांची विद्या संस्कृतात आहे हे माहीत होते, आणि त्याने तिला भिंतीवर जागा दिली. ते वाचायला आपणच गेलो नाही तर कुणी जायचे?

मशिदीत जाताना नमाजाची वेळ टाळावी, शुक्रवारी दुपारी जाऊ नये. पादत्राणे बाहेर, आवाज हळू, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो नाही.

दुसरी फेरी : कुंडी भंडारा

लालबाग भागात, रेल्वे स्टेशनच्या बाजूला ही जागा आहे. वरून पाहिले तर माळावर ओळीने विहिरींची तोंडे दिसतात. मुलांना वाटते, एवढ्या विहिरी जवळ जवळ का खोदल्या? त्या विहिरी नाहीत. त्या एका भुयाराच्या खिडक्या आहेत.

काम असे चालते. सातपुड्यावर पडलेला पाऊस मुरतो आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे उतरतो. त्या उतरत्या पाण्याच्या आड, जमिनीखाली एक भुयार खणले. भुयाराला अगदी थोडा उतार दिला. आजूबाजूचे पाणी झिरपून भुयारात येते आणि आपल्या वजनाने शहराकडे वाहते. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. भुयार खणताना माती वर काढायला, आत हवा-उजेड यायला आणि पुढे साफसफाईला साधारण वीस-वीस मीटरवर कुंड्या ठेवल्या. अशा शंभराहून थोड्या जास्त कुंड्या आहेत. पाणी जाळी करंज या हौदात जमे आणि तेथून मातीच्या नळांनी शहरभर फिरे. किल्ल्याच्या हमामाचे कोडे इथे सुटते. पाणी नदीतून वर चढवले नव्हते, ते डोंगराकडून खाली आले होते.

ही विद्या इराणची. तेथे अशा भुयारांना कनात म्हणतात. इराणी जाणकार तबकतुल अर्ज याने जागा हेरली आणि रहीमच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास काम झाले असे मानतात. मूल भंडारा, सूखा भंडारा, चिंताहरण अशी त्याची भावंडेही आहेत. गंमत पाहा : रहीमचा दक्षिणेतला कडवा शत्रू मलिक अंबर. त्यानेही याच सुमारास खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर-ए-अंबरी बांधली. दोघे एकमेकांशी लढत होते, आणि दोघेही जमिनीखाली पाणी शोधत होते. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्याला नळाने पाणी आणले. ज्याला शहर वसवायचे आहे त्याला आधी पाण्याचा विचार करावा लागतो.

मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कुंडी भंडाऱ्याचा समावेश झाला. अभिमानाची गोष्ट आहे. पण पालकांपैकी जे शेतकरी आहेत त्यांनी पुढचा परिच्छेद जरा सावकाश वाचावा.

कुंडी भंडाऱ्याला पाणी स्वतःचे नाही. ते डोंगराचे आहे. वरचे जंगल विरळ झाले की पाऊस मुरत नाही, वाहून जातो. भुयाराच्या आजूबाजूला आणि वरच्या अंगाला खोल बोअर झाले की भुयारात येणारे पाणी आधीच खाली ओढले जाते. भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थरही साचतात आणि वाट अरुंद करतात, म्हणून सफाई लागते. चारशे वर्षे जे यंत्राशिवाय चालले ते एखाद्या पिढीत बंद पडू शकते, आणि त्यासाठी कुणी ते फोडण्याची गरज नाही. आपापल्या शेतात प्रत्येकाने थोडे थोडे खोल जावे, एवढे पुरते.

आपल्याकडे केळी आहे, कापूस आहे. केळीला पाणी लागते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको, आम्हीही शेतकऱ्याच्याच घरातले. बोअर घेऊ नका असे सांगायला आम्ही बसलेलो नाही. मुलांनी कुंडीत डोकावून पाहिले आणि घरी येऊन "बाबा, आपला बोअर किती फूट?" एवढे विचारले, तर सहलीचे पैसे वसूल झाले असे आम्ही समजू.

सूचना : कुंडीत उतरण्याची सोय चालू असेल तेव्हाच, तेथील कर्मचाऱ्यांच्या परवानगीने आणि लहान गटांनी उतरावे. कुंडीच्या कठड्यावर बसू नये. आत काही टाकू नये, खडासुद्धा नाही.

तिसरी फेरी : उतावळीकाठची कबर

रहीमचा मुलगा शाहनवाज खान १६१९ मध्ये वारला. उतावळी नदीच्या काठी त्याची कबर आहे. काळ्या दगडाची, चौकोनी, वर घुमट. लोक तिला काळा ताजमहाल म्हणतात, पण आग्र्याचा ताज हिच्यानंतरचा आहे. आतल्या भिंतींवर फुलापानांचे रंगकाम आहे. बाहेर दुपारचे ऊन आणि आत गारवा, असा अनुभव येतो. शांत बसून चित्र काढण्यास ही जागा उत्तम.

इथे आम्हाला एक गोष्ट कबूल करायची आहे. गेल्या वर्षीच्या सहलीत आमच्याच एका विद्यार्थ्याने, मुलाचे नाव सांगत नाही, अशाच एका जुन्या भिंतीच्या गिलाव्यावर खिळ्याने आपले नाव कोरले. भिंतीवर आधीच खूप नावे होती, बदाम होते, बाण होते. त्याला वाटले असावे, तसा रिवाजच आहे. आम्ही तेव्हा मुलांच्या डोक्यांची मोजणी करत होतो. लक्ष गेले तेव्हा तीन अक्षरे झाली होती.

आम्ही त्याला रागावलो नाही, आधी विचारले, का? तो गप्प राहिला. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "पुसता येईल का, सर?" आम्ही म्हणालो, नाही. रंग लावून झाकले तर अजून बिघडेल. ती तीन अक्षरे आता तिथेच राहणार.

चूक मुलाची खरी, पण आधी आमची. आम्ही मुलांना बस, डबा, पाण्याची बाटली, स्वेटर सगळे सांगितले होते. भिंतीला हात का लावायचा नाही हे सांगितले नव्हते. म्हणून यंदा सहलीच्या आधी एक तास वर्गात याच विषयावर होईल, आणि त्यानंतरच सहलीच्या यादीत नाव येईल.

चौथी फेरी : जैनाबाद आणि संगमावरची छत्री

ही फेरी लांबची आहे. दोन ठिकाणांमध्ये वाहन लागेल, पण प्रत्येक ठिकाणी थोडे चालावे.

नदीपलीकडे जैनाबादला आहूखाना आहे. आहू म्हणजे हरिण. मोगलांची ही शिकारीची बाग. मुमताज महलला आधी इथल्या बागेत पुरले होते. डिसेंबर १६३१ मध्ये तिचे शव आग्र्याला नेले. ताजमहाल बुऱ्हाणपुरातच बांधायचा होता, असे इथे सगळे सांगतात. मुलांनी वहीत दोन रकाने करावेत : "सांगतात" आणि "नोंद आहे". ऐकलेली प्रत्येक गोष्ट योग्य रकान्यात लिहावी. इतिहासाचा निम्मा अभ्यास तेवढ्यानेच होतो.

शहराबाहेर तापी-मोहना संगमावर बत्तीस खांबांची एक देखणी छत्री आहे. तिला राजाची छत्री म्हणतात. हा राजा म्हणजे मिर्झाराजे जयसिंग. पुरंदरचा वेढा, जून १६६५ चा तह, तेवीस किल्ले, शिवरायांची आग्राभेट हे आपल्या मुलांना घरोघरी ऐकून पाठ आहे. पण शिवरायांशी तह करणारे मिर्झाराजे पुढे कुठे गेले? ते दक्षिणेतून परत निघाले आणि ऑगस्ट १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारले. आपल्या गोष्टीतले एक मोठे पात्र आपल्या नदीच्या काठी विसावले आहे.

आणि मग पहिला प्रश्न : इथून कोण कोण गेले? जानेवारी १६८१ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरच्या बाहेरची श्रीमंत पेठ, बहादूरपुरा, लुटली. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात आला, दक्षिणेत उतरला आणि परत गेलाच नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला, खुलताबादला पुरला गेला. १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंग नांदेडकडे जाताना इथे थांबले होते. निजामउल्मुल्क १७४८ मध्ये बुऱ्हाणपुरात वारला, आणि त्याची कबर ज्यांच्या नावाने हे शहर वसले त्या बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यात, खुलताबादला आहे. १७६० च्या आरंभी उदगीरला निजाम हरला, तेव्हा बुऱ्हाणपूर आणि अशीरगड मराठ्यांकडे आले, आणि त्याच एप्रिलमध्ये सदाशिवरावभाऊंची फौज याच वाटेने पानिपताकडे गेली. १८०३ मध्ये इंग्रज आले, आणि १८१९ मध्ये अशीरगड कायमचा त्यांच्याकडे गेला.

मुलांना हे सांगताना आम्ही एक पथ्य पाळतो. बहादूरपुऱ्याची लूट सांगताना आवाज चढतो, छाती फुगते, हे आम्हालाही होते. पण त्या पेठेत विणकर आणि छोटे दुकानदारही राहत होते. लढाईचा विजय सांगावा, आणि ज्यांची घरे मोडली त्यांचेही सांगावे. आपली मुले आज त्याच शहरात, त्याच लोकांच्या नातवंडांशेजारी बसून शिकतात.

आपण स्वतःही याच रस्त्याने आलो. कुणाचे पणजोबा खानदेशातून, कुणाचे वऱ्हाडातून. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, वऱ्हाड पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. २००३ मध्ये बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. आपण दोन भाषांत वाढतो : शाळेच्या कागदावर हिंदी, घरात मराठी. पुष्कळदा मुलांना ही अडचण वाटते. बुऱ्हाणपुरात मात्र तीच सोय होते. रहीम हिंदीच्या पुस्तकातला, मिर्झाराजे आजीच्या गोष्टीतले. दोघांच्या खुणा एका दिवसात पायी पाहता येतात, आणि दोन्ही ओळखणारी मुले आपल्याच वर्गात आहेत.

नववी-दहावीसाठी : अशीरगड

बुऱ्हाणपूरहून उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर. चढण आहे, म्हणून मोठ्या मुलांनीच जावे. वर गेल्यावर उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे तोंड करून प्रत्येकी पाच मिनिटे उभे राहावे. दख्खनचा दरवाजा म्हणजे काय, ते वेगळे शिकवावे लागत नाही.

तयारी

दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे दिवस चांगले. चैत्र-वैशाखात मुलांना उन्हात चालवू नये. एका दिवशी एकच फेरी करावी. दशमी किंवा भाकरी-ठेचा घरून आणावा, म्हणजे वर्गणी कमी ठेवता येते. शेवटी प्रत्येकाला मावा जलेबी मिळेल, ती शाळेकडून. बाजारात उलट्या तव्यावर मांडे करणारे दिसले तर थांबून पाहावे. घरच्या पुरणाच्या मांड्यांशी त्यांचे काय साम्य, काय फरक, हे आईला विचारून लिहावे. ज्या घरांना वर्गणी जड जाते त्यांनी वर्गशिक्षकांना हळूच सांगावे. या कारणाने एकही मूल मागे राहणार नाही, एवढी जबाबदारी आमची आणि विश्वस्त मंडळाची.

स्वाध्याय

१. आजोबांना विचारा : तुमच्या लहानपणी घरच्या विहिरीला पाणी किती हातांवर होते? आज आपला बोअर किती फूट आहे? दोन्ही आकडे लिहून आणा. सर्वांचे आकडे मिळून आपण एक तक्ता करू आणि तो पुढील अंकात छापू.

२. आपले घराणे डोईफोडियाला कुठून आले आणि कोणत्या वाटेने? ऐकलेले "सांगतात" मध्ये आणि कागद दाखवता येत असेल तर "नोंद आहे" मध्ये लिहा.

३. रहीमचा तुम्हाला आवडणारा एक दोहा निवडा आणि त्याचा अर्थ मराठीत, आजीला कळेल असा लिहा.

४. तापीचा नकाशा काढा : मुलताई, बुऱ्हाणपूर, भुसावळ, सुरत. समुद्र निळा रंगवा.

समुद्र आम्ही विसरलेलो नाही. जी मुले या चारही फेऱ्या पूर्ण करून वही आणून देतील, त्यांच्यासाठी सुरतेची सहल काढता येईल का, हा विषय विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत आम्ही मांडणार आहोत. पालकांनी आपले मत लेखी कळवावे. डुमसच्या किनाऱ्यावर उभे राहून मुलांनी तापीचे गढूळ पाणी ओळखावे आणि म्हणावे, हे आपल्याकडून आले, एवढी आमची इच्छा आहे.